तेविसावी काडी

सानगडी,
६ मार्च २००५

चि. प्रतिक्षास,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

तू कोळी-किडीची डॉक्टर होणार आहेस असं तुझे बाबा सगळ्यांना सांगत फिरतात, म्हणून हे पत्र. नाहीतर सहा महिन्यांत आत्याला चार ओळी न लिहिणाऱ्या भाचीवर मी शाई वाया घालवली नसती. अंगणवाडीच्या रजिस्टरांनी मला शुद्ध लिहायची सवय लावली आहे, तेव्हा वाचायला त्रास होणार नाही.

माझ्या वाडीतली वांगी गेली. आधी पानांवर सुईनं टोचल्यासारखे पांढरे ठिपके आले, मग पानं तांबूस झाली, आणि आता शेंड्यापासून बुंध्यापर्यंत जाळं पडलं आहे. बोट लावलं तर चिकटून येतं. तीन वेळा फवारलं, तर औषधाच्या वासानं मीच दोन दिवस पडून राहिले. कीड आपली मजेत. गावातल्या अर्ध्या वाड्यांची हीच गत आहे. बपेऱ्याहून आमच्या थोरल्या दिरांचा, बाबुलालभाऊजींचा, निरोप आला की त्यांच्याकडेही तेच.

गावानं चोर पकडून ठेवला आहे. जागेश्वर. वांगी-मिरचीची रोपं विकणारा जागेश्वर तुला आठवत असेल, त्याच्याच सायकलवर मागे बसून तू दहावीच्या पेपरला गेली होतीस. सगळे म्हणतात, त्याच्या रोपांतून रोग आला. माझी रोपंही त्याचीच होती, म्हणून मीही त्याला तोंडावर बोलले. तो खाली मान घालून माझी वाडी बघून गेला.

एक तेवढं बरं आहे. सुगतचा गुलाब फुलला. मागच्या जुलैत तो मोटार वाइंडिंग शिकायला बंगलोरला आला होता ना, तेव्हा कुठल्याशा दुकानातून विकत आणला म्हणाला. गाडीत दीड दिवस कुंडी मांडीवर धरून बसला होता. दोन महिन्यांनी लाखनीजवळ ट्रकनं त्याला नेलं. माझा एकुलता एक पोरगा गेला आणि झाड राहिलं. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भांडीकुंडी वाटण्यापेक्षा मी त्या गुलाबाच्या काड्या वाटल्या. टोकाला शेणाचा गोळा, वर पळसाचं पान. घरामागे एक, अशा तेवीस. तेविसावी तुझे बाबा तुला बंगलोरला देऊन आले. ती लागली की नाही, ते तू कळवलं नाहीस. तू त्या दिवशी आली का नाहीस, ते मी विचारत नाही.

या किडीवर काही इलाज असेल तर लिही.

तुझी आत्या,
मंगला गणवीर


बंगलोर,
१५ मार्च २००५

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

तू रागावलीस ते बरोबर आहे. मी येऊ शकले नाही. त्याबद्दल कधीतरी लिहीन, आज नाही.

तुझ्या वर्णनावरून हा लाल कोळी असावा. हा किडा नव्हे, आठ पायांचा जीव आहे, टाचणीच्या टोकापेक्षाही लहान. पानाखाली बसून रस पितो. पांढऱ्या कागदावर पान झटक. ठिपके चालायला लागले आणि बोटानं पुसल्यावर लाल रेघ उठली, की समज तोच. आपल्याकडे हा पूर्वीपासून आहे, पण तीन फवारण्यांनी न मरणारा आपला नसावा. तो कुठून आला ते शोधणं हेच माझं काम आहे. नुसतं डोळ्यांनी कळत नाही. प्रत्येकाच्या शरीरात एक लिखावट असते, ती वाचून कोण कुणाच्या घराण्यातला ते सांगता येतं.

होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या कुप्या गोळा कर. प्रत्येकीत थोडं स्पिरिट घाल आणि ओल्या कुंचल्यानं दहा-बारा ठिपके त्यात सोड. कुपीवर गावाचं नाव. एक तुझ्या वाडीची, एक जागेश्वरकाकांच्या रोपवाटिकेची, आणि जिथून जिथून तक्रार येईल तिथली. अंगणात आणखी जे काही असेल त्याचीही. मेलेलेच पाठव. जिवंत पान कुणाला देऊ नकोस, कुणाकडून घेऊ नकोस.

काकांना इतक्यात काही बोलू नका.

तुझी भाची,
प्रतिक्षा


सानगडी,
४ एप्रिल २००५

चि. प्रतिक्षास,
आशीर्वाद.

अकरा कुप्या पाठवते आहे. स्पिरिट मागायला दवाखान्यात गेले तर कंपाउंडर म्हणाला, "काहून मावशी, आता या वयात?" त्याला म्हटलं, तुझ्या लग्नात प्यायला. ठिपके चालले आणि लाल रेघही उठली. म्हाताऱ्या डोळ्यांनी कुंचल्यानं एकेक उचलताना मान मोडून गेली, पण अंगणवाडीतल्या पोरांच्या डोक्यातल्या उवा काढल्या आहेत मी, हे त्यापुढं काय.

बाबुलालभाऊजी स्वतः आले होते. पानं पिशवीत होती, मी त्यांना वाडीत पाऊल टाकू दिलं नाही. कुपी बाहेर ओट्यावरच भरली. ते तापलेलेच होते. "मंगला, तुमच्या त्या जागेश्वरनं आमच्या गावापावतर कीड धाडली."

"तो कधी बपेऱ्याले आला होता का जी?"

"तो नाई आला. पन कीड त आली ना."

मी कुपीवर बपेरा लिहिलं आणि त्यांना चहा दिला.

मागच्या बाजारात जे झालं ते सांगते, मनावर घेऊ नकोस. आपल्या गावातला सेवकराम, त्याचीही वांगी गेली आहेत, त्यानं जागेश्वरच्या रोपांच्या टोपल्या लाथेनं उलट्या केल्या. जागेश्वर उठला नाही, बसल्या बसल्या म्हणत होता, "माया रोपाले काई नाई जी. हातात घेऊन पाहा. वीस वर्सं झाले, मी रोपं विकून राहिलो." कुणी हातात घेतलं नाही. त्याची बायको कौशल्याबाई मातीत विखुरलेली रोपं एकेक करून पदरात वेचत होती. मी समोरच होते. माझ्या हातात तुझ्याच कुप्यांची पिशवी होती. मी बोलले नाही. मला वाटलं, आधी तुझं उत्तर येऊ दे.

अंगणातलं आणखी काही पाठव म्हणालीस. अंगणात गुलाबाशिवाय काही नाही, आणि गुलाबाला काही झालेलं नाही.

तुझी आत्या


बंगलोर,
२२ मे २००५

ती. आत्यास,
जयभीम.

उत्तराला उशीर झाला. वाचन दोनदा केलं, मग तिसऱ्यांदा केलं.

जागेश्वरकाकांच्या कुपीतले कोळी साधे, आपले जुने. त्यांच्या रोपांत काही नव्हतं. हे सगळ्यांना सांग आणि आधी त्यांना सांग.

उरलेल्या दहा कुप्यांत मात्र एकच घराणं आहे. सानगडी, बपेरा, पवनी, लाखनी, भंडारा, कुठलंही गाव घे, एका अक्षराचा फरक नाही. म्हणजे ही सगळी एकाच मादीची वंशावळ. असं होऊ शकतं. या जातीत एकटी मादी नराशिवायही पिल्लं देते, आणि ती सगळी मुलगेच असतात. मग त्याच नरांपासून तिला मुली होतात आणि त्या एकटीपासून पुन्हा सगळं गाव वसतं. मी जी लिखावट वाचते ती आईकडून मुलीकडे जाते. मुलाकडेही येते, पण तिथंच संपते, पुढे जात नाही. म्हणून मागे मागे गेलं की एक आई सापडते.

ही आई आपल्याकडची नाही. हे घराणं समुद्रापलीकडच्या थंड देशांतलं, काचेच्या घरांत फुलं पिकवतात तिथलं. तिथं औषधं मारून मारून जे उरले त्यांचे हे वंशज, म्हणून तुझ्या फवारणीला दाद देत नाहीत. फुलझाडांच्या कलमांबरोबर ते आपल्या देशात आले.

मी भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लावला आणि गावांवर टाचण्या टोचल्या. वाऱ्यानं पसरले असते तर एका दिशेला गेले असते. बाजारातून पसरले असते तर बपेऱ्यापर्यंत गेलेच नसते, मधली इतकी गावं कोरी कशी राहतील? एवढ्या लांब उडी फक्त माणसाच्या हातून होते. आत्या, तुझ्या घरातून या बाकीच्या नऊ ठिकाणी काय गेलं होतं? पुण्यानुमोदनाला आलेल्या घरांची यादी तू लिहून ठेवली असशील, ती पाठव. आणि गुलाबाची एक कुपी.

वांग्यावरचे बरेचसे पावसात मरतील. पण गुलाब वर्षभर हिरवा असतो. ते तिथं थांबतात आणि ऊन तापलं की पुन्हा उतरतात.

तुझी भाची,
प्रतिक्षा


सानगडी,
३ जून २००५

प्रतिक्षा,

तुला काय म्हणायचं आहे ते मला कळलं. सातवी शिकले असले तरी तेवढं कळतं.

यादी पाठवते. वंदनेच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिली होती, ती उतरवली. तेवीस नावं आहेत. टाचण्या जुळवून बघ. कुपी पाठवणार नाही.

माझ्या पोराच्या मयतीला जी माणसं रडत आली, त्यांच्या हातात मी रोग ठेवला, असं तू म्हणतेस. माझ्या दारातून प्रत्येक जण तो पळसाच्या पानात धरून घेऊन गेला. बाबुलालभाऊजींनी तर तो एसटीत डोक्यावरच्या फळीवर ठेवला नाही, मांडीवर धरला, सुगतनं धरला होता तसाच. आता त्या बावीस घरी जाऊन मी काय सांगू? आणि मुलाकडे येतं आणि तिथंच संपतं, हे तू मलाच लिहिलंस. लिहिताना हात थांबला नाही का ग तुझा?

जागेश्वरला सांगितलेलं नाही. तो बाजारात बसत नाही आता, साकोलीच्या रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायला जातो. रोज सकाळी माझ्या दारावरून जातो. मी त्या वेळी आत असते.

झाडाची पानं तांबूस झाली आहेत. होळीपासूनच होती. मी तुला खोटं लिहिलं. रोज सकाळी लाल पानं तोडून चुलीत घालते आणि बाकीची ओल्या फडक्यानं पुसते. मला त्याला वाचवायचं आहे. माझ्याकडे दुसरं काही नाही.

मंगला


बंगलोर,
१४ जून २००५

ती. आत्यास,

मी चुकले. ते वाक्य मी रोज विद्यार्थ्यांना सांगते तसं तुला लिहून गेले. माफ कर म्हणायचीही लाज वाटते.

टाचण्या जुळल्या.

आता तुला जे पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं ते लिहिते. तो गुलाब सुगतनं विकत आणलेला नाही. तो मी दिला.

बंगलोरबाहेर गुलाबाची बंदिस्त शेती आहे, वर प्लास्टिकचं छत. तिथं मी कोळी गोळा करायला जाते. सुगत त्या आठवड्यात आला तेव्हा त्यालाही घेऊन गेले. परतताना, गेटजवळ बसस्टॉपवर उभे असताना, त्यानं मला लग्नाचं विचारलं. आपल्यात आत्याच्या मुलाशी होतं, तुमच्या सगळ्यांच्या मनात होतं, ते मला ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही होतं. पण मी म्हणाले, अभ्यास पुरा होऊ दे, दोन वर्षं थांब. तो बस येते का ते बघत राहिला. मला ते सोसलं नाही. गेटजवळ टाकून दिलेल्या झाडांचा ढीग होता. त्यातलं एक बरं दिसणारं उचललं, कुंडीत घातलं आणि म्हणाले, हे आत्याला दे. उत्तर द्यायच्या ऐवजी झाड दिलं.

त्या शेतातून पान बाहेर न्यायचं नाही, हा आमचा पहिला नियम. नवीन मुलांना मीच तो शिकवते. भिंग माझ्या पिशवीत होतं आणि मी ते बाहेर काढलं नाही. मार्चमध्ये तुझं पत्र वाचलं तेव्हाच मला ते झाड आठवलं होतं. त्या शेतातले जुने नमुने आमच्या शीतपेटीत आहेत, काल त्यांची लिखावट तुझ्या कुप्यांशी ताडून पाहिली. तीच.

मूळ शोधायला निघाले होते, ते माझ्या हातापाशी येऊन थांबलं. तो माझ्या नकारानं दुखावून परत गेला आणि वर हे ओझं मांडीवर घेऊन गेला. त्या नकारामुळंच मी पुण्यानुमोदनाला आले नाही. तुझ्यासमोर उभं राहायचं तोंड नव्हतं.

लोकांना माझं नाव सांग. सुगतचं नको, तुझंही नको. पण जागेश्वरकाकांना सोडव, आणि झाड पुढच्या उन्हाळ्याआधी जाऊ दे. इथून तिथं न्यायचं नाही, जिथं आहे तिथंच मुळासकट काढून जाळायचं. बाकीच्या घरचीही तशीच.

प्रतिक्षा


बंगलोर,
९ ऑगस्ट २००५

ती. आत्यास,
जयभीम.

दोन महिने झाले. तुझं पत्र नाही. बाबांना फोन केला तर म्हणाले, मंगला घरी नसते, कुठं जाते सांगत नाही. मला काहीही लिही, शिव्या लिही. पण लिही.

प्रतिक्षा


सानगडी,
२६ सप्टेंबर २००५

चि. प्रतिक्षास,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

परवा सुगतला वर्ष झालं. ते आटपल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता सगळं सांगते, सावकाश वाच.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात उभी राहिले. जागेश्वर आला. म्हटलं, "जागेश्वर, तुया रोपाले काई नव्हतं. कीड माया अंगनातून गेली. सुगतच्या गुलाबातून."

तो म्हणाला, "मले मालूम होतं वहिनी."

होळीच्या आधी तो माझी वाडी बघायला आला होता ना, मी त्याला बोलले तेव्हा? तेव्हाच जाता जाता त्यानं गुलाबाची पानं उलटून पाहिली होती. रोपवाल्याच्या नजरेतून काय सुटतं? मी विचारलं, मग बाजारात बोलला का नाहीस? टोपल्या लाथाडल्या तेव्हा तरी बोलायचं होतंस. तर म्हणतो, "पोराचं झाड होतं जी. त्याचं नाव कसं घेऊ?" तीन महिने त्यानं गिट्टी फोडली, प्रतिक्षा, माझ्या मेलेल्या पोराच्या झाडाला बोल लागू नये म्हणून. आणि मी त्याच्या डोळ्यांदेखत तोंड बंद करून उभी होते. मी दारातच खाली बसले. त्यानं पाणी आणून दिलं, माझ्याच घरातलं.

मग आम्ही निघालो. यादी माझ्याकडे, कुदळ त्याच्याकडे. कंडक्टर कुदळीचं वेगळं तिकीट मागायचे. तू म्हणालीस तसं झाड एसटीत घेतलं नाही, आम्हीच दारोदार गेलो. बावीस घरं. सोळा घरी काडी लागली होती. प्रत्येक दारात मी आधी सांगायचे, वांगी माझ्यामुळे गेली, मी दिलेल्या काडीतून गेली. मी दिली, एवढंच. सुगतचं नाव घेतलं नाही आणि तुझंही नाही. तू सांग म्हणालीस, पण माझ्या दारातून जे गेलं ते माझं. मग जागेश्वर मूळ उकरायचा आणि मी रॉकेल टाकायचे. पावसात ओली झाडं लवकर पेटत नव्हती, धूर डोळ्यांत जायचा, लोकांना वाटायचं मी रडते. बपेऱ्यात बाबुलालभाऊजींनी झाडाला हात लावू दिला नाही. दोन तास ओट्यावर बसून राहिले. शेवटी जागेश्वरच्या हातातून कुदळ घेतली आणि स्वतः खणलं. मग त्याचा हात धरून त्याला जेवायला बसवलं.

माझं झाड परवाच्या दिवसासाठी ठेवलं होतं. सगळे आले. त्रिशरण झालं. मग सगळ्यांसमोर जागेश्वरला बोलावलं आणि सांगितलं, याची रोपं स्वच्छ होती, उद्यापासून हा बाजारात बसेल आणि पहिली रोपं सेवकराम घेईल. सेवकरामनं मान डोलावली. मूळ बरंच खोल गेलं होतं. माझ्या हातानं आगपेटीची काडी ओढवेना, ती कौशल्याबाईनं ओढली. अंगणात आता खड्डा आहे, अजून बुजवला नाही.

आता तुझ्या पत्राचं उत्तर.

तो गुलाब तू दिलास हे मला तो आणला त्याच दिवशी माहीत होतं. तो अंगणात खड्डा खणत होता, मी पाणी घेऊन उभी होते. म्हणाला, "माय, हे प्रतिक्षानं देल्लं. दोन वर्सं थांब मने." मी म्हटलं, "म्हंजे नाई मनली का?" तर हसायलाच लागला. "नाई मनाचं असतं त झाड कायले देते?"

दुखावून आला नव्हता ग तो. गाणी म्हणत आला होता. मागच्या खोलीत खिडकीखाली त्यानं टेबलाच्या उंचीवर प्लगचा बोर्ड बसवला, तुझ्या त्या बारीक बघायच्या यंत्रासाठी. एवढ्या उंचीवर कशाला म्हटलं तर म्हणाला, तिला वाकावं लागू नये. मला शपथ घातली, तिनं स्वतः सांगितल्याशिवाय कुणाला सांगू नको. म्हणून त्यानं विकत आणला असं मी सगळ्यांना सांगत आले, तुलाही तसंच लिहिलं. वाटलं, आता तरी ही बोलेल. तू कुप्यांचं लिहिलंस, नकाशाचं लिहिलंस. तिसऱ्या पत्रापर्यंत मी वाट पाहिली. राग होता तो त्याचा होता, किडीचा नव्हता. पण आता तोही राहिला नाही. मीही तुझ्यापासून हे वर्षभर लपवलंच. तू तिकडे एकटी स्वतःला खात होतीस, आणि एका ओळीनं मी तुला सोडवू शकले असते.

मी काड्या का वाटल्या, तेही सांगते. लग्नात वाटायचं राहिलं, म्हणून वाटल्या.

तुझं वय एकोणतीस. तुझे बाबा स्थळं बघत आहेत, भंडाऱ्याचं एक चांगलं आहे, मुलगा बँकेत आहे. हो म्हण. माझ्याकडे बघून थांबू नकोस.

आणि यादीतलं तेविसावं नाव तुझं आहे. काडी लागली की नाही ते तू अजूनही सांगितलं नाहीस. लागली असेल तर तिचंही आटप. बावीस घरी मी गेले, बंगलोरला मला येता येणार नाही.

तुझी आत्या,
मंगला


बंगलोर,
८ ऑक्टोबर २००५

आत्या,

तुझं पत्र चार दिवस मी वर्गातही सोबत नेत होते.

काडी लागली होती. माझ्या खोलीच्या खिडकीत होती. बाबांनी आणून दिली त्या संध्याकाळी मी सवयीनं तिचं एकेक पान भिंगाखाली धरून मऊ ब्रशनं पुसलं होतं, आणि पुढे वर्षभर दर रविवारी पुसत आले. तुला जिवंत पान कुणाकडून घेऊ नकोस म्हणून लिहिताना ती माझ्या समोर असायची. तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तीही काढावी लागली असती.

काल सगळी पानं पांढऱ्या कागदावर झटकली. एकही ठिपका नव्हता. पुन्हा झटकली. मग प्रयोगशाळेत नेऊन मोठ्या यंत्राखाली देठ, काटे, कळीच्या घड्या, सगळं बघितलं. झाड स्वच्छ होतं. नियमानं ते ठेवता आलं असतं. त्याला एक कळी होती.

जाळलं. बाबुलालकाकांनी त्यांचं स्वतःच्या हातानं खणलं, हे वाचल्यावर माझं ठेवणं जमलं नाही. राख गार होईपर्यंत तिथं बसले होते. दुसऱ्या मुलांना वाटलं, नमुने जाळते आहे.

दिवाळीच्या सुट्टीत येते. खड्डा बुजवू नकोस, मी आल्यावर आपण दोघी बुजवू. त्यात काही लावायचं असेल तर जागेश्वरकाकांकडून वांग्याची रोपं घेऊ. मागच्या खोलीत झोपेन.

भंडाऱ्याच्या मुलाला बाबांनी नाही कळवावं. कायमचं म्हणत नाही. पण सुगतला मी दोन वर्षं थांब म्हटलं होतं, जुलै दोन हजार सहापर्यंत. ती अजून संपलेली नाहीत. तोवर मला कुणी काही विचारू नका.

तुझी,
प्रतिक्षा